आधी वाचक ठरवा, मग अर्ज लिहा

धर्म आणि राजकारण यांच्या संबंधांवर काम करणाऱ्या अभ्यासकांसाठी ज्या फेलोशिप निघतात, त्यांच्या अर्जात बहुधा शेवटाकडे एक रकाना असतो : हे संशोधन तुम्ही लोकांपर्यंत कसे नेणार? आधीच्या रकान्यांवर महिना-महिना घालवलेला उमेदवार हा रकाना मुदत संपायच्या रात्री भरतो. ‘वृत्तपत्रांतून लेख, महाविद्यालयांतून व्याख्याने आणि समाजमाध्यमांचा प्रभावी वापर’ एवढे लिहिले की त्याला सुटल्यासारखे वाटते. त्या उत्तरात माध्यमे असतात, माणसे नसतात. कोणाला सांगायचे आहे, त्याला आधीपासून काय ठाऊक आहे, कशाचा राग आहे, कुठे तो गाफील आहे, यातले काहीच त्यातून कळत नाही. हा रकाना सर्वांत आधी भरावा आणि त्यात माध्यमांची यादी देण्याऐवजी वाचकाचे वर्णन लिहावे, असे मला वाटते. वाचक ठरला की प्रश्न नीट बेतता येतो, पुरावा कोणता पुढे काढायचा ते कळते, आणि पुष्कळदा मूळ संशोधनातली एखादी बुजवून टाकलेली फटही उघडी पडते. सर्वसामान्यांसाठी लिहिणे हे संशोधन संपल्यावर करायचे समाजकार्य आहे, ही समजूत ज्याने सोडली त्याचा अर्ज आपोआप वेगळा दिसतो.

पैसा कोण आणि कशासाठी देतो, हे आधी पाहू. अमेरिकेत अशा कामाला विद्यापीठांतच जागा आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात धर्म आणि राजकारण यांच्या अभ्यासासाठी डॅनफोर्थ केंद्र आहे आणि सामान्य वाचकांसाठी ते २०१२पासून स्वतःचे नियतकालिकही चालवते. आपल्याकडे इतक्या नेमक्या विषयाला वाहिलेली सोय कमी, म्हणून शेजारच्या दारांवर टकटक करावी लागते. बंगळूरच्या न्यू इंडिया फाउंडेशनची पुस्तक-फेलोशिप स्वातंत्र्योत्तर भारतावर लिहिणाऱ्याला वर्षभराचा वेळ विकत घेऊन देते. त्यांना प्रस्तावाबरोबर किमान पाच हजार शब्दांचे नमुनालेखन हवे असते. त्यांच्याच अनुवाद-फेलोशिपच्या पहिल्या फेरीत सहा महिन्यांसाठी सहा लाख रुपये होते, दहा भाषांत मराठी होती, आणि मराठीतून निवडले गेलेले पुस्तक होते शरद पाटलांचे ‘मार्क्सवाद-फुले-आंबेडकरवाद’. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या शासकीय संस्था पीएच. डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात, त्यांतून धर्म, जात आणि सत्ता यांवरचे किती तरी प्रबंध उभे राहतात. पण या रांगेत एक गोष्ट खटकते. पुस्तकाची फेलोशिप इंग्रजीत लिहिणाऱ्याला, अनुवादाची मराठीतून इंग्रजीत नेणाऱ्याला, आणि पीएच. डी.ची प्रबंध जमा होईपर्यंत. महाराष्ट्रावरचे संशोधन महाराष्ट्रातल्या वाचकाला त्याच्या भाषेत सांगण्याचा खर्च जवळपास कोणीच धरत नाही. अर्जदाराने याची तक्रार करत बसू नये. ‘लोक’ या शब्दाचा अर्थ देणाऱ्या संस्थेनेही ठरवलेला नसतो, तो तुम्ही अर्जात ठरवून द्यायचा, एवढा धडा यातून घ्यावा.

वाचक बदलला की काय होते, याचे सर्वांत लख्ख उदाहरण एकाच अभ्यासकाच्या दोन लेखनांत सापडते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. जातीचा कणा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, बाकी सारे त्यावर चढलेले मांस, हा त्याचा गाभा. वीस वर्षांनी, १९३६मध्ये, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी त्यांनी अध्यक्षीय भाषण लिहिले. विषय तोच, निष्कर्षाची दिशा तीच : जात मोडायची तर आंतरजातीय विवाह हवेत, आणि ते होत नाहीत कारण त्यामागे शास्त्रांचे प्रामाण्य उभे आहे. मात्र समोर आता परदेशी प्राध्यापक नव्हते, सुधारणा हवी म्हणणारे सवर्ण हिंदू होते. म्हणून पुरावा पालटला. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने जेवण घातले, त्यात तूप वाढले, आणि लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने ती पंगत उधळली. असे प्रसंग त्यांनी ओळीने मांडले. तुपाची गोष्ट चर्चासत्रात सांगितली असती तर कोणी विचारले असते, ही घटना प्रातिनिधिक कशावरून? लाहोरच्या श्रोत्याला मात्र ‘असे आता कुठे होते?’ या त्याच्या पळवाटेवरच गाठायला हवे होते. मंडळाने मजकुरात बदल मागितले, आंबेडकरांनी नकार दिला, अधिवेशन रद्द झाले, आणि त्यांनी भाषण स्वखर्चाने छापले. इंग्रजी आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, गुजराती व तमिळ अनुवाद निघाले, मराठीचा चालू होता, हे त्यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. वाचक ठरवल्याने विचार पातळ झाला नाही. उलट १९१६मध्ये जे सूत्र होते, त्याचे १९३६मध्ये आव्हान झाले.

महाराष्ट्रात ही गोष्ट एकट्या बाबासाहेबांची नाही. संतांनी स्वराज्याची जमीन तयार केली की समाजाला पंगू केले, हा धर्म आणि राजकारण यांच्या नात्याविषयीचा अस्सल प्रश्न आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९००मध्ये इंग्रजी ग्रंथातून त्याचे एक उत्तर दिले, इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी प्रस्तावनांतून त्याच्या उलट टोकाचे दिले, आणि पुढे तो वाद मासिकांत, व्याख्यानमालांत, घरच्या ओसरीवर चालला. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४मध्ये मराठीत आले. वारकरी, भाविक, नास्तिक, सगळ्यांनी ते वाचले, काहींनी त्यावर रागही काढला. अॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०११मध्ये ऑक्सफर्डने काढला. म्हणजे जगाच्या विद्वत्तेत ते सत्तावीस वर्षांनी दाखल झाले आणि तोवर त्याचे काही अडले नाही. ‘आधी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात, नंतर जमल्यास मराठीत’ हा क्रम काही निसर्गनियम नव्हे.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते एका उदाहरणावर पाहू. समजा तुमच्या प्रबंधाचे नाव आहे ‘महाराष्ट्रातील भक्तिपरंपरा व राज्यसंस्था यांचे बदलते परस्परसंबंध : एक चिकित्सक अभ्यास’. हे नाव विद्यापीठाच्या समितीसाठी ठीक आहे. फेलोशिपच्या प्रस्तावात मात्र हेच पंढरपूरच्या गाभाऱ्यात उभे करा. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची पूजा करतात. तिचे नावच ‘शासकीय महापूजा’. दर्शनाच्या रांगेतले एक दांपत्य त्यांच्याबरोबर पूजेला बसते, त्यांना ‘मानाचे वारकरी’ म्हणतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांच्या गावाचे नाव येते. हे दृश्य मराठी वाचक दर वर्षी टीव्हीवर पाहतो आणि त्यात त्याला काही अजब वाटत नाही. तुमचे काम ते अजब वाटायला लावण्याचे. पूजेचा यजमान कोण : ती व्यक्ती, ते पद, की राज्य? २०१८मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलकांनी मुख्यमंत्र्यांना पूजा करू देणार नाही असे बजावले, आणि देवेंद्र फडणवीसांनी पंढरपूरला न जाता मुंबईत आपल्या निवासस्थानी पूजा केली. कार्तिकी एकादशीची पूजा उपमुख्यमंत्र्यांकडे असते; २०२३च्या कार्तिकीला उपमुख्यमंत्रीच दोन, तेव्हा मान कोणाचा असा पेच पडला. (राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात उपमुख्यमंत्रिपदाचे हे कर्तव्य सापडायचे नाही.) या दोन प्रसंगांतून वाचकाला आपसूक कळते की पूजेचा मान देणे किंवा नाकारणे हीसुद्धा राजकीय भाषा आहे आणि ती आंदोलकांना संशोधकांच्या आधी कळली होती. इथून मागे जाता येते : मे १९४७मध्ये अस्पृश्यांना मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी केलेले उपोषण, १९७३चा पंढरपूर मंदिरे अधिनियम, बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांवर जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाकलेला पडदा. प्रबंधातली चार प्रकरणे तीच, पण आता ती एका प्रश्नाच्या मागे चालतात. निवड समितीतल्या अर्थशास्त्रज्ञालाही, ज्याने तुमच्या क्षेत्रातले एकही नाव ऐकलेले नाही, पुढचे पान उलटावेसे वाटते.

आणि या उदाहरणातच संशोधन कसे सुधारते तेही दिसते. पंढरपूरचा वाचक तुम्हाला लगेच विचारील : कायदा १९७३चा, मग प्रत्यक्ष ताबा केव्हा, मधल्या काळात उत्पन्नाचा हिशेब कोणाकडे, आज मंदिर समितीवर नेमणुका कोण करतो? ‘राज्यसंस्थेचा वाढता हस्तक्षेप’ या शब्दांखाली प्रबंधात हे प्रश्न झाकून जातात. गावातल्या माणसासाठी लिहायचे तर ठरावांच्या वह्या, न्यायालयातली कागदपत्रे आणि विधिमंडळातली भाषणे उघडावीच लागतात.

मराठीत लिहिणाऱ्याची खरी परीक्षा शब्दांत होते, आणि यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. ‘सेक्युलर’साठी घटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’. भाषणांत ‘सर्वधर्मसमभाव’ चालतो आणि टोमणा मारायचा असला की ‘निधर्मी’. हे चार शब्द म्हणजे चार वेगळ्या राजकीय भूमिका आहेत. इंग्रजीत एकच शब्द वापरून संशोधक त्या चौघांना एका खाटेवर झोपवतो, मराठीत तसे करता येत नाही. तीच गत ‘धर्म’ या शब्दाची. ‘रिलिजन’ म्हणजे धर्म असे लिहून तुम्ही पुढे गेलात, तरी वाचकाच्या मनात शेजारधर्म, राजधर्म, दानधर्म आणि महाराष्ट्रधर्म जागे असतात. महाराष्ट्रधर्मातला धर्म उपासनेचा, कर्तव्याचा की राजकीय एकजुटीचा, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला आहे. तेव्हा प्रस्तावात एक परिच्छेद निव्वळ शब्दांसाठी ठेवा : मी अमुक संज्ञेला मराठीत अमुक म्हणेन, कारण असे. अनुवाद ही शेवटी करायची यांत्रिक गोष्ट नसून विश्लेषणाचा भाग आहे हे त्यातून जितके पटते, तितके दहा आश्वासनांनी पटत नाही.

आकड्यांचेही तसेच. प्यू रिसर्च सेंटरने २०१९ अखेर ते २०२० आरंभ या काळात भारतात २९,९९९ प्रौढांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या आणि जून २०२१मध्ये धर्मविषयक अहवाल काढला. सर्व धर्मांचा आदर हा खरे भारतीय असण्याचा फार महत्त्वाचा भाग आहे, असे ८४ टक्क्यांनी सांगितले. त्याच अहवालात, आपल्या धर्माच्या स्त्रियांना धर्माबाहेर लग्न करण्यापासून रोखणे फार महत्त्वाचे, असे हिंदूंपैकी ६७ टक्के आणि मुसलमानांपैकी ८० टक्के म्हणाले. एक बातमी पहिल्या आकड्यावर बेतता येते, दुसरी दुसऱ्यावर, आणि दोन्ही खऱ्या असून वाचकाची फसगत होते. संशोधकाची जागा या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. दुसऱ्याच्या धर्माचा आदर करणारा माणूस त्याला सोयरीक मात्र देत नाही, यात त्याला स्वतःला विसंगती दिसत नाही. का दिसत नाही? १९१६चा तो निबंध इथे परत हाताशी येतो, कारण बेटीव्यवहाराचे कुंपण हाच त्याचाही मुद्दा होता. मुलाखतीतला प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, ‘फार महत्त्वाचे’ हा पर्याय कशाच्या शेजारी होता, हेही सांगा. वाचकाला पद्धतिशास्त्र कंटाळवाणे वाटते हा गैरसमज आहे. निवडणुकीच्या रात्री मतदानोत्तर चाचण्यांवर घराघरात जी वादावादी चालते ती ऐकावी.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप विद्वानांचा : सोपे करताना खोटे होते. ही भीती अनाठायी नाही. सोपे करण्याच्या नावाखाली ‘काही ठिकाणी’चे ‘सगळीकडे’ होते, ‘असे दिसते’चे ‘असेच आहे’ होते. पण त्यावर उपाय दुर्बोधता नव्हे. मराठी वाचकाला ‘बहुधा’, ‘निदान या तीन तालुक्यांत तरी’, ‘कागदपत्रे इथे गप्प आहेत’ हे शब्द चांगले कळतात, वकिलाच्या आणि डॉक्टरच्या तोंडून तो ते रोज ऐकतो. काढायचा तो परिभाषेचा भार. मर्यादांची कबुली जागच्या जागी राहू द्या, आणि नमुनालेखनात अशी एक तरी कबुली ठळक दिसू द्या. खोटे होण्याची शक्यता खरे तर परिभाषेत जास्त असते, कारण ‘धार्मिक अस्मितेचे राजकीयीकरण’ या शब्दांना कोणी चुकीचे ठरवूच शकत नाही. गणेशोत्सवाच्या मंडळाचे पावती-पुस्तक घ्या : वर ‘श्री’, खाली नोंदणी क्रमांक, मागे आधारस्तंभ म्हणून छापलेला नगरसेवकाचा फोटो. दहा वर्षांची पुस्तके शेजारी ठेवून फोटो कोणत्या निवडणुकीच्या आधी बदलला ते दाखवलेत, तर ते विधान पडताळता येते आणि खोडताही येते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर : या विषयावर लोकांत लिहिणे धोक्याचे आहे. होय, आहे. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे इंग्रजी पुस्तक २००३मध्ये आले, ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, पुस्तकावर बंदी आली. पुस्तकाबद्दल दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये रद्द केला, बंदी २०१०मध्ये उठली. त्या पुस्तकातले ज्यावरून वाद पेटला ते विधान किती बेजबाबदार होते यावर बोलता येईल. इथे मुद्दा असा की हल्ला करणाऱ्यांना ते पुस्तक वाचायची गरज पडली नाही, आणि संदर्भासह मराठीत समजावून सांगणारे लेखन वेळेवर पुढे नव्हते. विद्वत्तेच्या इंग्रजी कपाटात बसल्याने संरक्षण मिळते हा भ्रम त्या प्रकरणाने पुरता मोडला. याचा अर्थ मराठीत लिहिणारा सुरक्षित असतो असाही नाही. ज्यांचे खून झाले ते डॉ. दाभोलकर, कॉम्रेड पानसरे आणि धारवाडचे डॉ. कलबुर्गी तिघेही आपापल्या भाषेत लोकांशी बोलत होते. म्हणून फुशारकी न मारता तयारी करावी. भारतीय न्याय संहितेची कलमे १९६ आणि २९९, म्हणजे जुन्या दंड विधानाची १५३-अ आणि २९५-अ, स्वतः वाचा. २९९मध्ये बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू हा गाभा आहे, त्यामुळे प्रत्येक विधानाचा आधार आणि प्रत्येक मसुद्याची तारीख जपून ठेवणे हाच उद्याचा बचाव. अर्जाच्या अंदाजपत्रकात वकिलाकडून हस्तलिखित वाचून घेण्याचा खर्च मोकळेपणाने लिहा. ज्या वारकऱ्यांच्या, पुजाऱ्यांच्या, मौलवींच्या किंवा कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांची नावे लोकांसाठीच्या लेखनात येणार असतील तर त्यासाठी वेगळी संमती घ्या. प्रबंधासाठी दिलेली संमती रविवारच्या पुरवणीला पुरत नाही.

तिसरा आक्षेप असा की लोकांत उतरलेला अभ्यासक कार्यकर्ता होतो. होईल तर होईल, तो त्याचा निर्णय. पण फेलोशिप मागताना आपल्याच बाजूला न रुचणारा एक निष्कर्ष नमुन्यात ठेवावा, त्यापेक्षा चांगले प्रमाणपत्र नाही. आणि बढतीच्या गुणांत वर्तमानपत्री लेख मोजत नाहीत म्हणून हे करू नये, असे जे सांगतात त्यांचे गणित बरोबर आहे. मला त्यावर उत्तर नाही. ज्याला येत्या दोन वर्षांत बढती हवी आहे त्याने हा अर्ज पुढच्या फेरीला करावा.

उरते ती व्यवहाराची बाजू. काय लिहिणार ते मोजून सांगा. दिवाळी अंकासाठी सात हजार शब्दांचा एक दीर्घ लेख, एखाद्या दैनिकात दोन महिन्यांतून एक याप्रमाणे सहा लेख, तालुक्याच्या गावच्या व्याख्यानमालेत तीन व्याख्याने आणि वर्षअखेर पुस्तकाची तीन प्रकरणे, असा आराखडा ‘व्यापक प्रसार’पेक्षा वजनदार ठरतो. त्यात आषाढी, गणेशोत्सव, सहा डिसेंबर यांच्या तारखा धरा, कारण संपादकाला विषय त्याच दिवसांत हवा असतो आणि दिवाळी अंकाचा मजकूर पावसाळ्यातच द्यावा लागतो. एका संपादकाचे आणि एका प्रकाशकाचे लेखी पत्र जोडा. दोघांनी ‘वाचायला आवडेल’ एवढेच लिहिले तरी चालेल, पण ते अर्जाच्या आधी मागा. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना तुमचे मराठी नमुनालेखन पाठवा, नाहीतर ते प्रबंधाचीच स्तुती करतील. अर्ज इंग्रजीत असेल तर नमुना मराठीतून स्वतः इंग्रजीत आणा आणि मूळ मजकूरही जोडा. रकमा, मुदती आणि वयाच्या अटी दर फेरीला बदलतात, म्हणून त्या संस्थेच्या ताज्या आवाहनातूनच घ्याव्यात.

आणि पाठवण्याआधी नमुन्याची पहिली चार पाने दोघांना द्या : तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या एका शिक्षकाला, आणि ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांच्यातल्या एकाला. सोबत पेन्सिल द्या, अडेल तिथे खूण करायला सांगा, आणि खुणा झालेली पाने परत आली की त्या जागी समजावून सांगू नका, ती जागा पुन्हा लिहा.